चतुःसीमा

पॅरिसच्या मेट्रोची चौदा क्रमांकाची लाइन १५ ऑक्टोबर १९९८ रोजी सुरू झाली. या लाइनीवरच्या गाडीत चालक नाही. पुढच्या डब्यात जिथे चालकाची खोली असायला हवी, तिथे प्रवासी उभे राहतात आणि लहान मुलं काचेला नाक लावून बोगद्यातले दिवे बघतात. गाडीनं किती वेगानं धावायचं, पुढच्या गाडीपासून किती अंतरावर थांबायचं, दारं कधी उघडायची, हे सगळं संगणकातला प्रोग्राम ठरवतो. जमिनीखाली, माणसांनी भरलेल्या गाडीत, हे धाडस करायचं कशाच्या भरवशावर?

आमच्या धंद्यातलं नेहमीचं उत्तर आहे चाचणी. प्रोग्राम लिहायचा, हजार वेळा चालवून बघायचा, चुका सापडतील तशा दुरुस्त करायच्या. यातली अडचण डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानं फार पूर्वीच दाखवून ठेवली आहे. चाचणीनं चूक आहे हे कळतं, चूक नाही हे कधीच कळत नाही. हजार वेळा बरोबर चाललेला प्रोग्राम एक हजार एकाव्या वेळी काय करील, याची हमी पहिल्या हजारांतून मिळत नाही.

चौदा क्रमांकाच्या लाइनीचं सॉफ्टवेअर मात्रा ट्रान्सपोर्ट या कंपनीनं केलं. प्रवाशांच्या जिवाशी संबंध असलेल्या भागासाठी त्यांनी जाँ-रेमाँ आब्रियाल या फ्रेंच गृहस्थांची 'बी' पद्धत वापरली. या पद्धतीत आधी प्रोग्राम लिहीतच नाहीत. प्रोग्राम काय करील आणि काय कधीही होऊ देणार नाही, ते आधी गणिताच्या भाषेत लिहून काढतात. उदाहरणार्थ, 'रुळाच्या एका तुकड्यावर एका वेळी एकच गाडी असेल.' हे वाक्य सदासर्वकाळ खरं राहिलं पाहिजे. मग गाडीला पुढे सोडण्याची क्रिया लिहायची आणि सिद्ध करायचं, की क्रियेच्या आधी हे वाक्य खरं असेल तर क्रियेनंतरही ते खरंच राहतं. त्यानंतर त्याच क्रियेचं जरा अधिक तपशिलाचं रूप लिहायचं आणि ते वरच्या रूपाशी इमान राखून आहे हेही सिद्ध करायचं. असं पायरी पायरीनं खाली उतरत शेवटी अशा रूपापाशी यायचं, की त्यातून एडा या भाषेतला प्रोग्राम यंत्राकडूनच तयार करून घेता येतो. बीच्या एक लाखाहून अधिक ओळी लिहिल्या गेल्या आणि त्यातून एडाच्या सुमारे ८६ हजार ओळी निघाल्या. सिद्ध करायच्या गोष्टी झाल्या सुमारे २७,८००. त्यांतल्या बहुतेक यंत्रानं आपणहून सिद्ध केल्या, उरलेल्यांसाठी माणसांना बसून डोकं चालवावं लागलं. पुढे या भागाची चाचणी झाली तेव्हा त्यात चूक सापडली नाही, असं ते काम करणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे.

या २७,८०० गोष्टींना इंग्रजीत जो शब्द आहे, त्याचा मराठीत अर्थ होतो 'सिद्धतेचं देणं'. विधान केलंत ना, मग तुम्ही ते सिद्ध करून देणं लागता. फेडल्याशिवाय सुटका नाही. हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला अब्बांची आठवण झाली.

अब्बा दस्तलेखक होते. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर, कडुनिंबाखाली त्यांचं लाकडी मेज असे. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र हे त्यांचं साहित्य. घरात आम्ही दख्खनी बोलत असू, पण अब्बांचं मेजावरचं मराठी असं, की बाहेरगावचे वकील दस्त वाचून 'हे कुलकर्ण्यांनी लिहिलं का?' असं विचारीत. अब्बांना याचा राग येत नसे, गंमत वाटे. मला मात्र राग येई, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. पण ते असो.

त्यांच्या तोंडी एक आयत नेहमी असे, सूरह बकराची दोनशे ब्याऐंशीवी. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत नमाजाची नाही की रोज्याची नाही, ती देण्याघेण्याची आहे. मुदतीचा व्यवहार कराल तर तो लिहून ठेवा, लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, ज्याच्यावर देणं आहे त्यानं मजकूर सांगावा, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय. 'जबानी राहू द्या हो, आपलीच माणसं आहेत,' असं म्हणणारं गिऱ्हाईक आलं की अब्बा त्याला हा आशय मराठीत ऐकवीत. गिऱ्हाईक मराठा असो, जैन असो, धनगर असो, मुकाट्यानं मुद्रांक घ्यायला जाई.

खरेदीखतातला अब्बांचा आवडता भाग म्हणजे चतुःसीमा. गट नंबर, क्षेत्र, आकार हे सातबाऱ्यावरून उतरवता येतं. पण पूर्वेस काय, दक्षिणेस काय, पश्चिमेस काय, उत्तरेस काय, हे जाणत्या माणसाला विचारूनच लिहावं लागतं. एकदा एकानं सांगितलं, 'पश्चिमेस ओढा.' अब्बांनी बोरू खाली ठेवला – आमच्या लहानपणी ते फाउंटन पेनलाही बोरूच म्हणत – आणि विचारलं, 'कुठला ओढा? उन्हाळ्यातला की पावसाळ्यातला? आणि पुराच्या साली तो सरकला तर शेत वाढलं म्हणायचं की कमी झालं?' गिऱ्हाईक वैतागलं. शेवटी 'ओढ्याच्या अलीकडच्या काठावरील जुन्या चिंचेपासून बांधाच्या दगडापर्यंत' असं लिहिलं गेलं. त्या ओळीसाठी अब्बा सायकल मारत सहा मैल जाऊन चिंच बघून आले होते. दस्ताचे पैसे तेवढेच मिळाले.

सॉफ्टवेअरचं विनिर्देशन, म्हणजे आमच्या बोलीत स्पेसिफिकेशन, हे मी कॉलेजात शिकलो खरा. पण ते काय असतं हे मला आधीच ठाऊक होतं.

गणितानं प्रोग्राम तपासण्याची कल्पना तशी जुनी आहे. ॲलन ट्युरिंगनं १९४९ मध्ये केंब्रिजच्या एका परिषदेत एक छोटासा निबंध वाचला होता. मोठ्या प्रोग्रामची तपासणी करायची कशी, हा त्याचा विषय. त्यानं बेरजेचा दाखला दिला. आकड्यांची लांबलचक बेरीज नुसती उत्तरासकट समोर ठेवली तर तपासणाऱ्याला सगळी एकदम तपासावी लागते. पण हातचे लिहून ठेवले असतील तर प्रत्येक रकाना वेगळा तपासता येतो. प्रोग्रामातही असेच मधले हातचे लिहून ठेवा, 'इथे पोचल्यावर अमुक खरं असेल' अशी विधानं करा, असं त्याचं म्हणणं. पुढे १९६९ मध्ये टोनी होअर यांनी याला नीट नियमांचं रूप दिलं. आधी काय खरं असलं पाहिजे आणि नंतर काय खरं होईल, अशा दोन अटींच्या मधे प्रोग्राम बसवायचा. लिहून देणार आणि लिहून घेणार यांच्यातला करारच तो.

करार मोडला की काय होतं ते ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून दिसलं. आरियान-५ हे युरोपचं नवं रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ३७ सेकंदांनी भरकटलं आणि फुटलं. त्यावरचे चार वैज्ञानिक उपग्रह गेले. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला प्रोग्राम आधीच्या आरियान-४ वरून जसाच्या तसा उचललेला होता. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक मोठा आकडा सोळा बिटांच्या छोट्या जागेत कोंबला जाई. या जागेत ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. आरियान-४ चा प्रवासच असा होता, की आकडा तिथवर पोचणं शक्य नव्हतं, म्हणून हिशेब करून ती तपासणी मुद्दाम गाळलेली होती. आरियान-५ अधिक जोरानं निघालं, आकडा मावला नाही आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणा होती, पण तिच्यातही तोच प्रोग्राम, तीही तशीच बंद पडली. सगळ्यांत चुटपुट लावणारी गोष्ट ही, की तो हिशेब रॉकेट जमिनीवरून सुटल्यानंतर आरियान-५ ला लागतच नव्हता. जुन्या रॉकेटच्या सोयीसाठी तो आणखी काही सेकंद चालू ठेवण्याची पद्धत होती, ती तशीच पुढे आली. प्रोग्राम चुकीचा नव्हता. त्याची चतुःसीमा दुसऱ्या शेताची होती, आणि ती कुठे लिहिलेली होती तर जुन्या माणसांच्या आठवणीत आणि जुन्या कागदांत. प्रोग्रामच्या शेजारी नव्हती.

तरीही या सगळ्या पद्धतीचं मी एकांगी कौतुक करणार नाही. सिद्धता एवढंच सांगते, की प्रोग्राम लिहून दिलेल्या मजकुराशी जुळतो. मजकूर जगाशी जुळतो की नाही, हे ती सांगत नाही. सांगू शकतच नाही.

वॉर्सा विमानतळावर १४ सप्टेंबर १९९३ रोजी लुफ्तान्साचं एअरबस ए-३२० उतरत होतं. धावपट्टी ओली, आडव्या वाऱ्याचा इशारा मिळालेला, म्हणून वैमानिकांनी शिकवल्याप्रमाणे विमान किंचित कलतं ठेवलं. पंखांवरच्या ब्रेकच्या फळ्या हवेत उघडल्या तर अनर्थ होईल, म्हणून विमान जमिनीवर टेकल्याशिवाय त्या उघडायच्या नाहीत, असा प्रोग्रामला हुकूम होता. 'टेकलं' म्हणजे काय हेही नेमकं लिहिलेलं होतं: दोन्ही मुख्य पायांवर ठरावीक वजन आलं पाहिजे, नाहीतर चाकं ठरावीक वेगानं फिरू लागली पाहिजेत. त्या दिवशी आधी एकच पाय टेकला. चाकं पाण्यावरून घसरत गेली, पुरेशी फिरली नाहीत. दुसरा पाय टेकायला सुमारे नऊ सेकंद लागले. तेवढा वेळ, प्रोग्रामच्या लेखी, विमान हवेतच होतं. ते धावपट्टी संपवून पुढच्या मातीच्या बांधावर आदळलं. दोन माणसं मेली. प्रोग्रामनं लिहिल्याबरहुकूम काम केलं होतं. 'जमिनीवर' या साध्या शब्दाची व्याख्या मात्र त्या ओल्या संध्याकाळी अपुरी पडली.

मग नेमकं लिहिण्याचा उपयोग काय? उपयोग हा, की अडचण आधी दिसते. इथे मला गणिताचंच, पण आमच्या घरातलं एक उदाहरण द्यावंसं वाटतं.

अब्बा दस्तांबरोबर मोहल्ल्यातल्या लोकांना वारसाचे हिस्सेही काढून देत. ती विद्या फराइजची. शरियतनं वारसांचे हिस्से अपूर्णांकांत ठरवून दिले आहेत. एकदा एक बाई वारली. मूल नाही, आईवडील आधीच गेलेले. मागे नवरा आणि दोन सख्ख्या बहिणी. नवरा म्हणाला, माझा अर्धा. त्याचं खरंच होतं, सूरह निसाच्या बाराव्या आयतीत तसं आहे. बहिणी म्हणाल्या, आम्हा दोघींचे मिळून दोन तृतीयांश. त्यांचंही खरं होतं, ते त्याच सूरहच्या शेवटच्या आयतीत आहे. अब्बांनी कागदावर सहा खणांची पट्टी आखली. नवऱ्याचे तीन खण, बहिणींचे चार. सहा खणांच्या पट्टीवर सात खण मागितले जात होते. मी तेव्हा नववीत होतो. मला वाटलं, आता काहीतरी भयंकर घडणार.

काही घडलं नाही, कारण हा पेच तेराशे वर्षांपूर्वीच दिसलेला होता. परंपरा सांगते, की हजरत उमर यांच्या काळात असा मामला पहिल्यांदा आला. सहाबांचा सल्ला घेऊन त्यांनी ठरवलं, की सहाऐवजी सातच हिस्से करावेत, नवऱ्याला सातातले तीन, बहिणींना सातातले चार. सगळ्यांनाच सारख्या प्रमाणात थोडं कमी. याला औल म्हणतात. इब्न अब्बास यांना ते मान्य झालं नाही. शिया फिकहनंही ते मानलं नाही, तिथे तूट ठरावीक वारसांच्याच हिश्श्यातून काढतात. आकड्यांनी फक्त एवढं दाखवलं, की सगळे नियम एका पट्टीवर मांडले तर बेरीज एकापेक्षा जास्त होते. तूट कुणी सोसायची, हे आकड्यांनी सांगितलं नाही. ते माणसांनी बसून ठरवलं, आपल्या नावानिशी ठरवलं, आणि ज्याला पटलं नाही त्याचं नावही नोंदवून ठेवलं. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिज्मीनं बीजगणिताचं पुस्तक लिहिलं, त्याचाही मोठा भाग वारसा आणि मृत्युपत्रांच्या हिशेबाचा आहे. त्याच्याच नावावरून आलेला 'अल्गोरिदम' हा शब्द आम्ही दिवसातून दहादा उच्चारतो. फराइजचे हिशेब मात्र आम्हाला कुणी संगणकाच्या वर्गात शिकवले नाहीत.

सात खणांचा तो कागद मला पुढे एका कामात आठवला. एक कंपनी सिरिंज पंप बनवत होती. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या शिरेत औषध थेंबाथेंबानं, ठरावीक दरानं सोडणारं हे यंत्र. विनिर्देशनाची तपासणी माझ्याकडे आली. ते इंग्रजी गद्यात होतं, छान लिहिलेलं. मी ते ऑक्सफर्डमध्ये वाढलेल्या 'झेड' या गणिती लिपीत उतरवायला घेतलं. या लिपीची एक खोड आहे. प्रत्येक क्रियेनंतर यंत्रातल्या प्रत्येक गोष्टीचं काय झालं, हे लिहावंच लागतं. जिच्याबद्दल काही लिहिलं नाही, तिचं 'काहीही होऊ शकतं' असा अर्थ होतो.

'वीज गेली' ही क्रिया सोपी होती, पंप बॅटरीवर जातो. 'बॅटरीही संपली' हीसुद्धा सोपी, पंप थांबतो. पुढची क्रिया 'वीज परत आली'. आता औषधाचा दर किती? पंप चालू की थांबलेला? दोनशे पानांत याला उत्तर नव्हतं. मूळ आराखडा अशा देशातला होता, जिथे हा प्रश्न कुणाला फारसा पडत नसावा. आमच्याकडे तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. मी प्रोग्राम लिहिणाऱ्यांना विचारलं. मोटर चालवणाऱ्या भागानं जुना दर आठवणीत ठेवून पंप पुन्हा सुरू करायचं ठरवलं होतं. पडदा दाखवणाऱ्या भागानं दर शून्यावर आणायचं ठरवलं होतं. म्हणजे वीज आल्यावर पडद्यावर शून्य दिसणार आणि औषध मात्र जात राहणार. दोघांनीही आपापलं काम चोख केलेलं होतं.

मी एका सरकारी रुग्णालयातल्या सिस्टरांना भेटलो. वीस वर्षं अतिदक्षता विभागात काढलेल्या बाई. त्यांना विचारलं, वीज आल्यावर पंपानं काय करावं? त्या म्हणाल्या, 'आपोआप सुरू होता कामा नये. मधल्या वेळात आम्ही हातानं औषध दिलेलं असतं, त्यावर पुन्हा पंप चालला तर पेशंट जाईल.' तिथेच एक तरुण डॉक्टर होते, ते म्हणाले, 'आणि रक्तदाब टिकवायचं औषध असेल, तर पंप थांबून राहिला तरी पेशंट जाईल.' दोघांचंही खरं होतं. अर्धा आणि दोन तृतीयांश!

कंपनीत तीन बैठका झाल्या. तारीख जवळ आली होती आणि 'एवढ्या एका ओळीसाठी' म्हणून आवाज चढले. मी एवढंच सांगत राहिलो, की कुठलाही पर्याय घ्या, पण ती ओळ लिहा आणि ठरवणाऱ्यांनी तिच्याखाली सह्या करा. शेवटी असं ठरलं: पंप आपोआप सुरू होणार नाही, पण गप्पही बसणार नाही, कुणी येईपर्यंत ओरडत राहील. जुना दर पडद्यावर लुकलुकत राहील आणि एक कळ दाबून तो कायम करता येईल. सिस्टर आणि डॉक्टर दोघांनी ते वाचलं. डॉक्टर पूर्ण खूश नव्हते, त्यांचं म्हणणं कार्यवृत्तात नोंदवलं. मग 'पडद्यावरचा दर आणि मोटरचा दर कायम एकच असेल' हे वाक्य घेतलं आणि सगळ्या क्रियांसाठी ते सिद्ध केलं. बेचाळीस देणी होती, ती फेडायला अकरा दिवस लागले.

प्रामाणिक सिद्धतेच्या शेवटी गृहीतांची यादी असते. ऑस्ट्रेलियात २००९ साली सेल-फोर नावाच्या छोट्या कार्यप्रणालीचा सी भाषेतला सुमारे ८,७०० ओळींचा प्रोग्राम पूर्णपणे सिद्ध केला गेला. ते केवढं काम होतं, हे आमच्या धंद्यातल्यालाच कळेल. त्या लोकांनीही निबंधात स्पष्ट लिहिलं, की यंत्राचा हार्डवेअर भाग बरोबर आहे, प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणारं साधन बरोबर आहे, हे आम्ही धरून चाललो आहोत. आमच्याही यादीत सहा गृहीतं होती. पाचवं होतं: 'बॅटरी पूर्ण भरल्यावर निदान दोन तास पुरते.' हे खरं राहायचं तर बॅटरी मुदतीत बदलायला हवी, आणि ते प्रोग्रामच्या हातात नाही. म्हणून मी आग्रह धरला, की पंपाच्या पाठीवर तशी सूचना मराठीत चिकटवावी. कंपनीच्या जाहिरात विभागानं मजकूर करून पाठवला: 'बॅटरी वेळोवेळी बदलावी.'

ते नमुन्याचं स्टिकर घरी टेबलावर पडलेलं होतं. अब्बांनी ऐंशी ओलांडली होती, दस्त लिहिणं कधीच सुटलं होतं, पण छापलेलं काहीही हातात आलं की वाचायचे. चष्मा वर करून त्यांनी स्टिकर डोळ्यांजवळ नेलं.

'बेटा,' ते म्हणाले, 'ये वेळोवेळी याने कब?'

दुसऱ्या दिवशी मी ते परत पाठवलं. नवीन स्टिकरवर महिने आकड्यांत छापले, आणि त्याखाली बॅटरी बदलल्याची तारीख व बदलणाऱ्याची सही यासाठी दोन रिकामे रकाने.